शारदेचं ‘नाही’ कुणी ऐकलं?

मैत्रिणींनो, गोविंद बल्लाळ देवलांच्या ‘संगीत शारदा’ नाटकात म्हाताऱ्याशी ठरलेलं लग्न मोडतं, हे आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे. ते नेमकं कशामुळे मोडतं, हे मात्र जरा आठवून पाहा. गटांच्या शिबिरांत मी हा प्रश्न हमखास विचारते. कुणी म्हणतं, शारदेनं ठाम नकार दिला. कुणी म्हणतं, कोदंडानं तिला सोडवलं. कुणी म्हणतं, लोकांनी मिळून म्हाताऱ्याला हाकललं. खरं उत्तर क्वचितच येतं. लग्न मोडतं ते गोत्रामुळे! वर आणि वधू सगोत्र आहेत असं ऐन वेळी उघड होतं, सप्तपदी व्हायच्या आत विधी थांबतो आणि शारदा वाचते. वराचं वय पंचाहत्तर आहे म्हणून नव्हे. बापानं तिचे पैसे घेतलेत म्हणूनही नव्हे. तिला हे लग्न नको आहे म्हणून तर मुळीच नव्हे.

या एका गोष्टीवर मला आज बोलायचं आहे. कारण सव्वाशे वर्षं उलटली तरी आपण मुलींची लग्नं अजून याच पद्धतीनं मोडतो आहोत, आणि त्यावर टाळ्या घेतो आहोत.

मी पलूस तालुक्यात काम करते. औदुंबर, भिलवडी अशी आमची गावं ओलांडून कृष्णा पुढे सांगलीला जाते आणि सांगलीच्या कडेला हरिपूरला तिला वारणा मिळते. त्या हरिपुरात १८५५ मध्ये देवलांचा जन्म झाला. ‘शारदा’ त्यांनी तिथल्या पारावर बसून लिहिलं, असं गावात सांगतात. १८४३ मध्ये विष्णुदास भावे यांनी ‘सीतास्वयंवर’ केलं तेव्हापासून सांगली स्वतःला नाट्यपंढरी म्हणवते, आणि ते खरंही आहे. दर वर्षी ५ नोव्हेंबरला रंगभूमी दिन येतो, देवलांची आठवण निघते, आणि व्यासपीठावरून कुणीतरी सांगतंच की ‘शारदा’ हे स्त्रियांच्या मुक्तीचं नाटक. हे वाक्य इतक्यांदा ऐकलं आहे की आता ते तपासायला हवं.

देवलांच्या गोष्टी आल्या कुठून?

देवलांची नाटकं सात. त्यांतल्या सहांची गोष्ट त्यांनी दुसरीकडून घेतली. ‘मृच्छकटिक’ शूद्रकाचं, ‘विक्रमोर्वशीय’ कालिदासाचं, ‘शापसंभ्रम’ बाणभट्टाच्या ‘कादंबरी’वरून. ‘दुर्गा’ आणि ‘झुंझारराव’ इंग्रजीतून. ‘झुंझारराव’ म्हणजे शेक्सपिअरचं ‘ऑथेल्लो’. ‘संशयकल्लोळ’ मूळचं फ्रेंच, मोलिएरचं. ते मर्फी नावाच्या आयरिश नाटककाराच्या हातून देवलांकडे आलं. एकट्या ‘शारदा’साठी मात्र त्यांना कुठलंही पुस्तक उघडावं लागलं नाही. ती गोष्ट आजूबाजूलाच घडत होती. पैसेवाल्या म्हाताऱ्या विधुराला कोवळी मुलगी विकणं हा त्या काळी ब्राह्मण घरांतला राजरोस व्यवहार होता. त्याला नावही होतं, कन्याविक्रय.

देवलांचं श्रेय मी नाकारत नाही. त्यांनी हा व्यवहार जसाच्या तसा रंगमंचावर मांडला. विकत घेणारा भुजंगनाथ, विकणारा बाप कांचनभट, मध्ये दलाली खाणारा भद्रेश्वर दीक्षित, आणि सगळं दिसत असून काही करू न शकणारी आई. शास्त्रीपंडितांची भाषा बाजूला सारून त्यांनी माजघरातली, विहिरीवरची भाषा वापरली. मुली एकमेकींत जे कुजबुजतात ते त्यांनी ऐकलं होतं, हे वाचताना जाणवतं. १८९९ मध्ये किर्लोस्कर नाटक मंडळीनं हे नाटक रंगभूमीवर आणलं तेव्हा प्रेक्षकांत बसलेल्या कितीतरी कांचनभटांनी मान खाली घातली असेल. ‘शारदा’ टिकलं ते पदांमुळे, असं संगीताचे जाणकार सांगतात. पदं गोड आहेतच. पण ते टिकलं ते मुख्यतः या चार माणसांमुळे. आजही कुठल्याही गावात ही चार माणसं दाखवा, प्रेक्षक त्यांना नावानिशी ओळखतात.

मग माझं भांडण कशाशी आहे? ते आहे शेवटाशी, आणि त्या शेवटाला आपण दिलेल्या नावाशी.

शारदा आईपाशी रडते, मैत्रिणींपाशी मन मोकळं करते. तिला हे लग्न नको आहे हे प्रेक्षागृहातल्या शेवटच्या रांगेलाही कळतं. नाटकातल्या माणसांना कळत नाही असंही नाही. पण त्या कळण्याला किंमत शून्य! किंमत आहे ती गोत्राला. उद्या भुजंगनाथाचं गोत्र वेगळं निघालं असतं, तर? सप्तपदी झाली असती, वरात निघाली असती आणि धर्माला त्यात काही वावगं दिसलं नसतं. काही जण म्हणतात, देवलांनी इथं शास्त्रवाल्यांना त्यांच्याच काठीनं मारलं आहे. असेल. मारलेला फटका मजेशीर आहे, हेही कबूल. पण काठी शास्त्राचीच राहिली, मुलीच्या हाती ती आलीच नाही.

हीच गोष्ट देवलांच्या इतर नाटकांत पाहा. ‘ऑथेल्लो’त नवऱ्याला बायकोचा शब्द पुरत नाही, एक रुमाल पुरतो, आणि तो तिचा जीव घेतो. ‘संशयकल्लोळ’मध्ये एका तसबिरीवरून संशय उठतो. फाल्गुनराव बायकोवर, कृत्तिका नवऱ्यावर, अश्विनशेठ रेवतीवर संशय घेतो, आणि शेवटी तसबिरीचा उलगडा होतो तेव्हाच बायकांचं खरं ठरतं. तिथं आपण पोट धरून हसतो. १९१६ पासून ते नाटक हसवत आलं आहे आणि पुढेही हसवील. पण आमच्या सल्ला केंद्रात येणाऱ्या बायकांना विचारा, संशय हा शब्द ऐकून त्यांना हसू येतं का. रुमाल, तसबीर, गोत्र : बाईच्या बाजूनं किंवा विरुद्ध, पुरावा नेहमी दुसरंच काहीतरी. तिचं तोंड हा पुरावा कधीच नाही. देवलांच्या नाटकांची गोडी अजून का टिकली, याचं एक कारण मला हेही वाटतं. या नाटकांत व्यवस्थेवर हसता येतं, रडता येतं, आणि घरी जाताना ती व्यवस्था जशीच्या तशी ठेवता येते.

‘त्या काळी दुसरं काय दाखवणार?’

हा प्रश्न लगेच येतो. एकोणिसाव्या शतकातल्या मुलीनं ‘नाही’ म्हणणं कुणाला पटलं असतं, असं विचारतात. मैत्रिणींनो, ते ‘नाही’ तेव्हा म्हटलं गेलं होतं, भर कोर्टात, मुंबईत, आणि ते अख्ख्या देशानं ऐकलं होतं.

रखमाबाईचं लग्न अकराव्या वर्षी दादाजी भिकाजीशी लावून दिलं. ती नांदायला गेली नाही. १८८४ मध्ये नवऱ्यानं दावा लावला. १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्ही यांनी तिच्या बाजूनं निकाल दिला, नवरा अपिलात गेला, आणि १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी हुकूम दिला : नवऱ्याकडे नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. ती म्हणाली, तुरुंगात जाईन. कळत नसताना लावलेलं लग्न मला मान्य नाही, एवढंच तिचं म्हणणं होतं. टिळकांच्या ‘केसरी’नं तिच्यावर झोड उठवली. १८८८ मध्ये नवऱ्यानं दोन हजार रुपये घेऊन प्रकरण मिटवलं. रखमाबाई लंडनला जाऊन डॉक्टर झाल्या आणि सुरत, राजकोटला त्यांनी आयुष्यभर बायकांची सेवा केली.

‘शारदा’ रंगभूमीवर आलं ते यानंतर अकरा वर्षांनी. मधल्या काळात १८९१ चा संमतिवयाचा कायदा झाला, त्यावर महाराष्ट्र पेटला. पंडिता रमाबाईंनी १८८९ मध्ये मुंबईत ‘शारदा सदन’ काढून विधवा मुलींना छप्पर आणि शाळा दिली होती. त्याहीआधी, १८८२ मध्ये, ताराबाई शिंदे ‘स्त्रीपुरुष तुलना’ लिहून मोकळ्या झाल्या होत्या. म्हणजे नाही म्हणणारी बाई, लिहिणारी बाई, आसरा देणारी बाई, तिघीही महाराष्ट्रात हजर होत्या. रंगमंचावर आली ती मात्र रडणारी मुलगी, आणि तिचं काम करायला पुरुष नट! आपल्या समाजसुधारणेला कोणती बाई पचली आणि कोणती पचली नाही, ते यावरून समजून घ्या.

अजून एक गैरसमज इथेच दूर करते. ‘शारदा कायदा’ या नाटकामुळे झाला, नाटकावरून त्याला हे नाव पडलं, असं चांगले शिकलेले लोक बोलतात. तो कायदा अजमेरच्या हरबिलास सारडा यांनी आणला, त्यांच्या आडनावावरून ‘सारडा’, आणि मराठी तोंडात त्याचं झालं ‘शारदा’. १९२९ मध्ये तो मंजूर झाला, १ एप्रिल १९३० पासून लागू झाला, आणि मुलीचं वय चौदा, मुलाचं अठरा ठरलं. अखिल भारतीय महिला परिषदेच्या बायकांनी त्यासाठी मागणी लावून धरली होती. त्याच १९३० साली आमच्या तालुक्यातल्या किर्लोस्करवाडीहून शंकरराव किर्लोस्करांनी ‘स्त्री’ मासिक सुरू केलं. म्हणजे बायकांचं बोलणं, लिहिणं, मागणी करणं या सगळ्याचा या कायद्याशी जवळचा संबंध आहे. तो कायदा एका नाटकाच्या नावावर जमा केला की या बायका पुन्हा पुसल्या जातात.

आजचं गोत्र : जन्मतारखेचा दाखला

आता आपल्या कामाकडे येऊ. कायदा बदलत बदलत १९७८ मध्ये मुलीचं वय अठरा झालं, २००६ मध्ये नवा बालविवाह प्रतिबंध कायदा झाला. तरी २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या वीस ते चोवीस वयाच्या बायकांपैकी २१.९ टक्के बायकांचं लग्न अठराच्या आत झालेलं आढळलं. पाचांत एकीपेक्षा जास्त!

लग्न रोखायला आम्ही जातो तेव्हा काय होतं, ते सांगते. १०९८ वर फोन जातो किंवा शाळेतली एखादी मैत्रीण कळवते. ग्रामसेवक, म्हणजे आताचे ग्रामपंचायत अधिकारी, अंगणवाडीताई, पोलीस आणि आम्ही मांडवात पोचतो. पहिला प्रश्न येतो, दाखला कुठं आहे? शाळा सोडल्याच्या दाखल्यावर सतरा वर्षं चार महिने निघाले की लग्न थांबतं. मुलगी कोपऱ्यात हळदीच्या अंगानं बसलेली असते. तिला हे लग्न हवं आहे का, हा प्रश्न कागदावर कुठेच नसतो. आईबापाकडून हमीपत्र लिहून घेतात, फोटो निघतो, दुसऱ्या दिवशी पेपरात ‘बालविवाह रोखला’ अशी बातमी येते. आठ महिन्यांनी अठरा पूर्ण होतात आणि त्याच मुलाशी, त्याच मुलीचं लग्न होतं. सगळं कायदेशीर! कित्येकदा आठ महिनेही थांबत नाहीत. मामाच्या गावाला नेऊन पंधरा दिवसांत गुपचूप उरकतात.

दाखला महत्त्वाचा नाही असं मी म्हणत नाही. दाखला नसता तर आम्हाला मांडवात पाऊलही टाकता आलं नसतं. पण दाखला म्हणजे आजचं गोत्र आहे. त्यानं लग्न अडतं, मुलीचा नकार मात्र तसाच न ऐकलेला राहतो. अठरा वर्षं एक दिवसाची मुलगी ‘मला नको’ म्हणून आमच्या दारात येते तेव्हा तेच गाव, तेच अधिकारी म्हणतात, ‘आता वय झालंय, घरचा मामला आहे.’

भुजंगनाथ आणि भद्रेश्वर दीक्षितही कुठे गेलेले नाहीत. २००१ च्या जनगणनेत सांगली जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे ८५१ मुली होत्या. ते मुलगे आज लग्नाच्या वयाचे आहेत. २०१७ मध्ये आमच्याच जिल्ह्यात म्हैसाळला ओढ्याकाठी पुरलेले एकोणीस भ्रूण सापडले, ते आठवा. डिसेंबर २०२२ मध्ये सोलापुरात अविवाहित तरुणांनी नवरदेवाच्या वेशात जिल्हाधिकारी कचेरीवर मोर्चा नेला आणि बायको मिळवून द्या अशी मागणी केली. पेपरांनी ते गमतीनं छापलं. आम्हाला त्यात गंमत वाटली नाही. कारण ऊस आणि द्राक्षाच्या या पट्ट्यात चाळिशीकडे झुकलेल्या नवऱ्यांसाठी सीमेपलीकडून, मराठवाड्यातून मुली ‘आणून देणारे’ मध्यस्थ हिंडतात. खर्च नवऱ्याकडचा, वर बापाच्या हातावर रक्कम, मध्यस्थाचं कमिशन वेगळं. देवलांच्या काळी याला कन्याविक्रय म्हणत. आज ‘गरिबाच्या मुलीचं भलं केलं’ म्हणतात. आणि ऊसतोडीच्या टोळ्यांत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात म्हणून मुलीचं लग्न लवकर उरकतात, तेही याच बाजाराचं दुसरं तोंड.

लग्न मोडल्यावर ती कुठे जाते?

देवलांनी एक गोष्ट मात्र अगदी खरी लिहिली आहे, आणि तिच्याकडे आपण सगळ्यांत कमी लक्ष देतो. लग्न मोडल्यावर शारदा सुटत नाही. ती ना कुमारी, ना सवाशीण. मांडवातून परतलेल्या मुलीला कोण करून घेणार? म्हणून ती जीव द्यायला निघते. नाटकात कोदंड धावत येतो, शंकराचार्यांची संमती मिळते आणि तो तिच्याशी लग्न करतो. पडदा पडतो. एका लग्नातून सोडवलेल्या मुलीला नाटककाराला दुसरी जागा सापडली ती दुसऱ्या लग्नातच!

आमच्या तालुक्यात कोदंड येत नाही. लग्न मोडलेल्या मुलीला घरचे बोलतात, ‘तू आमची अब्रू घालवलीस.’ गाव बोलतं, ‘हिनंच फोन केला असणार.’ शाळेत ती तोंड दाखवत नाही. मी पाहिलेल्या एका मुलीनं वर्षभर घराचा उंबरा ओलांडला नाही. तिची आई आम्हाला म्हणाली, ‘ताई, तुम्ही लगीन मोडून गेलात, आम्हाला इथंच राहायचंय.’ त्या आईला उत्तर द्यायला मला बराच वेळ लागला, आणि ते उत्तर शब्दांचं नव्हतं. मुलीला वसतिगृहात जागा मिळवून देणं, हे ते उत्तर होतं.

ना इकडची ना तिकडची अशा बाईचा प्रश्न सांगली जिल्ह्याला नवा नाही. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीपासून इथल्या परित्यक्तांनी परिषदा घेतल्या, मोर्चे काढले, रेशनकार्डावर आपलं नाव मागितलं, जमीन मागितली. आम्हाला दुसरा नवरा शोधून द्या, असं त्या म्हणाल्या नाहीत. आमचं घर आमच्या नावावर करा, असं म्हणाल्या. शारदेच्या नाटकाचा खरा पाचवा अंक या बायकांनी लिहिला आहे.

तेव्हा माझं म्हणणं सरळ आहे. मोडलेली लग्नं मोजणं थांबवा, मुली मोजा. हमीपत्रावर समाधान मानू नका. २००६ च्या कायद्यात न्यायदंडाधिकाऱ्याकडून मनाईहुकूम घेता येतो, आणि तो असताना लावलेलं लग्न मुळातच रद्दबातल ठरतं. मामाच्या गावाला नेलं तरीही. लग्न होऊन गेलं असेल तर मुलीला वयाच्या विसाव्या वर्षापर्यंत ते जिल्हा न्यायालयातून रद्द करून घेता येतं, पोटगी आणि राहण्याची सोय मागता येते. हे किती मुलींना आपण सांगितलं? या कायद्याखाली बाईला कैद होत नाही, हे भेदरलेल्या आयांना सांगा, म्हणजे त्या आपल्या बाजूला येतील. आणि मांडवात पोचल्यावर दाखल्याच्या आधी मुलीशी एकांतात बोला. तिचं म्हणणं तिच्या शब्दांत लिहून घ्या, पंचनाम्याला जोडा. आज तो कागद कुणी मागत नाही. आपण जोडत राहिलो तर उद्या मागावा लागेल.

‘शारदा’चे प्रयोग व्हावेत, जरूर व्हावेत. गावोगावच्या मंडळांनी ते करावं, पदं गावीत. पण प्रयोगानंतर मुलींना बसवून विचारावं, गोत्र वेगळं असतं तर पुढे काय झालं असतं? आणि प्रत्येक गटानं येत्या महिन्यात एवढं एक काम करावं. गेल्या तीन वर्षांत आपण रोखलेल्या लग्नांची यादी काढावी, त्यांतली एकेक मुलगी आज कुठे आहे, काय शिकते, कुणाकडे राहते, हे घरी जाऊन पाहावं. पलूसमध्ये आम्ही ही यादी करायला घेतली आहे.